जर्मनीत इतके 'म्युलर' आले कुठून?

नेकारकाठ

श्टुटगार्टजवळच्या ज्या इमारतीत मी गेली नऊ वर्षे राहतो, तिच्या दाराशी असलेल्या घंट्यांच्या फळीवर चौदा आडनावे आहेत आणि त्यांतली तीन 'म्युलर' आहेत. इकडे पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक लिहिण्याची पद्धत फारशी नाही. टपालवाला आणि पार्सलवाला फळीवरचे आडनाव पाहूनच घंटा वाजवतात. मागच्या महिन्यात माझे पार्सल 'शेजारी म्युलर यांच्याकडे ठेवले आहे' अशी चिठ्ठी दारात अडकवून तो मनुष्य निघून गेला. मी तिन्ही दारे ठोठावली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर मला आत बसवून कॉफी पाजली आणि मग शांतपणे सांगितले की पार्सल त्यांच्याकडे नाही. या तिघांचे आपसांत कसलेही नाते नाही, एकाचे घराणे तर पार ऱ्हाइनच्या पलीकडचे आहे.

म्युलर हे जर्मनीतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. साधारण शंभरात एक माणूस म्युलर निघतो. जर्मनभाषक मुलूख मोठा असलेल्या स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक त्याचाच आहे. ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर आणि हूबर ही आडनावे त्याच्या पुढे आहेत. अर्थ सरळ आहे: म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. पण मग इतके चक्कीवाले आले कुठून, असे मी एका जर्मन सहकाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'पूर्वी चक्क्या खूप होत्या.' हे उत्तर मला पटले नाही. शेतकरी त्याहून कितीतरी जास्त होते, आणि तरीही 'बाउअर', म्हणजे शेतकरी, हे आडनाव पहिल्या दहांतही नाही.

थोडे वाचल्यावर मला जे उमगले ते असे. आडनाव पडते ते माणूस ओळखू यावा म्हणून, आणि ज्या गावात शंभर घरे शेती करतात तिथे 'शेतकरी हान्स' म्हणून कोणाचीच ओळख पटत नाही. चक्की मात्र गावात बहुधा एकच, पुष्कळदा दोन-तीन गावांत मिळून एकच असायची. 'चक्कीवाला हान्स' म्हटले की कोण ते सर्वांना कळायचे. म्हणजे हे आडनाव फोफावले ते चक्कीवाले प्रत्येक ठिकाणी थोडे होते म्हणून. आणि अशी ठिकाणे हजारो असल्यामुळे एकमेकांचे तोंडही न पाहिलेली हजारो म्युलर घराणी स्वतंत्रपणे उभी राहिली. लोहाराचे, म्हणजे श्मिटचे, गणितही हेच.

पहिली दहा नावे पाहिली तर गंमत वाटते: म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर, मायर, वाग्नर, बेकर, शुल्ट्झ, हॉफमन. चक्कीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर, जमीनदाराचा कारभारी, गाडे बनवणारा, पाववाला, गावचा मुखिया आणि वाडीचा व्यवस्थापक. एका जुन्या गावाची पूर्ण वस्ती त्यात उतरलेली आहे. शुल्ट्झ हे जवळजवळ आपले पाटील म्हणता येतील.

जाणकारांनी भर घालावी.

जाते_ओवी

लेख आवडला. एक प्रश्न लगेच मनात आला. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, सोनार, तेली ही सर्व आडनावे आहेत, मग दळणाऱ्याचे आडनाव का नाही? 'दळवी' हे त्यातलेच असावे का?

शब्दवेडा

दळवी नव्हे. त्याचा संबंध 'दळ' म्हणजे सैन्य याच्याशी आहे, दळणाशी नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच नावात आहे. आपल्याकडे दळण हा कोणाचा व्यवसायच नव्हता. ते पहाटे घरोघरी जात्यावर होत असे आणि ते बायका करत. बारा बलुतेदारांची कोणतीही यादी काढून पाहा, तिच्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट, गुरव सापडतील, चक्कीवाला सापडणार नाही. जे काम घरातली बाई करते, त्याला बलुते मिळत नाही आणि त्याचे आडनावही होत नाही. औरंगाबादची पाणचक्की प्रसिद्ध झाली तीसुद्धा अशी गोष्ट दुर्मीळ होती म्हणून. आणि तिथले पीठ दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी होते, गावाच्या रोजच्या भाकरीसाठी नव्हते. विजेच्या आणि इंजिनाच्या गिरण्या गावोगाव आल्या तोवर आपली आडनावे ठरून गेली होती.

जर्मन मुलखातही एके काळी हातजातेच होते आणि त्याला स्वतःचा जुना शब्द होता, 'क्विर्न'. पाण्यावर चालणारी चक्की रोमनांकडून आली आणि तिच्याबरोबर शब्दही लॅटिनमधून आला: 'मोला' म्हणजे जात्याची तळी, 'मोलिना' म्हणजे चक्की, 'मोलिनारियुस' म्हणजे ती चालवणारा. त्याचे जुन्या जर्मनमध्ये 'मुलिनारी' झाले, मध्ययुगात 'म्युल्नर', आणि पुढे ल आणि न एकमेकांत मिसळून 'म्युलर'. ज्यांच्या नावात तो न टिकला ते 'म्युल्नर' आजही बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे भेटतात.

आता एक अवांतर, पण मला राहवत नाही. तो जुना 'क्विर्न' शब्द मूळ इंडो-युरोपीय आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'ग्रावन्' याच्याशी जोडतात. ग्रावन् म्हणजे सोम कुटण्याचा दगड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्याच्यावर सूक्ते आहेत. तो ऋग्वेद युरोपात छापून काढणाऱ्या पंडिताचे आडनाव काय होते, ते मी सांगायला नको.

जुनी पाने

शब्दवेडा यांनी विषय माझ्या अंगणात आणून सोडला आहे, तेव्हा लिहितो.

फ्रीडरिख माक्स म्युलर यांचा जन्म 1823 साली देसाउ येथे झाला. 'माक्स' हे त्यांचे आडनाव नव्हते. घरची मैत्री कार्ल मारिया फॉन वेबर या संगीतकाराशी होती आणि त्याच्या गाजलेल्या ऑपेरातील नायकाच्या नावावरून हे दुसरे नाव ठेवले गेले. पुढे इंग्लंडात स्थायिक झाल्यावर त्यांनी 'माक्स म्युलर' असे दोन्ही मिळून आडनाव करून टाकले, कारण नुसते म्युलर इतके सर्रास होते की त्यावरून माणूस ओळखणे कठीण. आपण मराठीत 'मॅक्समुल्लर' असे एका दमात म्हणतो ते नकळत त्यांच्या मनासारखेच म्हणतो. संस्कृतात ते स्वतःला 'मोक्षमूलर' म्हणवून घेत. चक्कीवाल्याच्या नावात मोक्षाचे मूळ शोधणे ही पंडिती करामतच म्हणायची.

महाराष्ट्राचा त्यांच्याशी संबंध पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनापुरता नाही. 1897 साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगात असलेल्या टिळकांना म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज झाला त्यात पुढाकार घेतला. 1898 साली टिळक मुदतीआधी सुटले.

आता धाग्याच्या विषयाला धरून एक गोष्ट. माक्स यांचे वडील विल्हेल्म म्युलर हे कवी. बर्लिनमधल्या एका घरी 1816 च्या सुमारास तरुण मंडळी मिळून गाण्यांचे एक नाट्य रचत होती. त्यात चक्कीवाल्याच्या मुलीवर प्रेम करणाऱ्या तरुण चक्कीवाल्याचे काम विल्हेल्मकडे आले ते केवळ त्यांच्या आडनावामुळे. त्यातूनच पुढे ती कविता वाढली आणि 1823 साली शूबर्ट या संगीतकाराने तिला चाली लावल्या. या चक्कीवाल्या कवीचे वडील मात्र देसाउमध्ये शिंपी होते, म्हणजे आडनावाने म्युलर आणि धंद्याने श्नायडर. आडनाव वंशपरंपरागत झाले की ते व्यवसायाबद्दल काही सांगेनासे होते, याचा इतका नेटका दाखला दुसरा सापडणे अवघड आहे.

नेकारकाठ

उलट बाजूचाही दाखला आहे. पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या महालाशेजारी जी पवनचक्की आहे, तिच्या मालकाने राजाला कोर्टाची धमकी दिल्याची दंतकथा इकडे प्रत्येकाला ठाऊक असते. जर्मनीतल्या त्या सर्वांत प्रसिद्ध चक्कीवाल्याचे आडनाव होते ग्रेफेनिट्स.

एक मत

एक दुरुस्ती सुचवतो. म्युलर पहिला हे खरे, पण ते फक्त त्या एका स्पेलिंगपुरते. श्मिट, श्मिट्ट, श्मिड, श्मिट्स या सर्वांची बेरीज केली तर म्युलरचे पहिले स्थान डळमळते. मायरचे तर विचारूच नका; ते आडनाव लिहिण्याचे किमान पाच प्रकार रोजच्या वापरात आहेत.

शब्दवेडा

आपले म्हणणे रास्त आहे, पण बेरीज करायची तर म्युलरचीही करावी लागेल, आणि ती कुठवर करायची हा प्रश्न आहे. उत्तरेकडील सखल प्रदेशाच्या बोलीत चक्कीला 'म्योले' म्हणतात, म्हणून तिथला चक्कीवाला 'म्योलर'. खालच्या ऱ्हाइनकडे 'म्योल्डर्स', आणि सीमा ओलांडून हॉलंडात गेलात की 'मुल्डर'. श्वाबेन आणि बव्हेरियाच्या बोलींत ओठांचा गोलावा जाऊन 'उ' कडचा स्वर 'इ' कडे सरकतो, तिथे 'मिलर'. सोळाव्या-सतराव्या शतकातील शिकलेल्या मंडळींना आपले नाव लॅटिनमध्ये लिहिण्याची हौस होती. त्यांनी 'मोलिटोर' आणि 'मीलियुस' केले. शिवाय चक्की कोणती आणि कुठली हे सांगणारी जोडनावे आहेत: ओबरम्युलर म्हणजे वरच्या चक्कीचा, नॉयम्युलर म्हणजे नव्या चक्कीचा, झाग्म्युलर म्हणजे लाकूड कापण्याच्या पाणचक्कीचा, आणि लोम्युलर म्हणजे चामडे कमावण्यासाठी ओकची साल कुटणाऱ्या चक्कीचा.

नकाशावर पाहिले तर म्युलर मध्य आणि नैर्ऋत्य जर्मनीत दाट आहे. उत्तर टोकाला त्याची जागा म्योलर घेतो, वायव्येला मायर मंडळींचा जोर दिसतो, आणि जुन्या बव्हेरियात हूबर, बाउअर, मायर यांच्या गर्दीत तो मागे पडतो. हा नकाशा पाहताना घराणी कशी पसरली असे वाचू नये. बोलींच्या सीमा कुठे आहेत एवढेच त्यातून कळते.

वॉर्डातून

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे आडनाव वेगळ्याच कारणाने छळते. भ्रूणातील ज्या नळीपासून गर्भाशय तयार होते ती 'म्युलेरियन डक्ट' कोब्लेन्त्सच्या योहानेस म्युलरच्या नावाची. डोळ्याच्या पडद्यातल्या 'म्युलर पेशी' हाइनरिख म्युलरच्या. दोन सारख्या रेषा बाणांच्या टोकांमुळे लहानमोठ्या दिसतात तो 'म्युलर-लायर' दृष्टिभ्रम तिसऱ्याच म्युलरचा. जीवशास्त्रवाल्यांचे 'म्युलेरियन अनुकरण' ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्स म्युलरचे आणि किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर काउंटरमधला वाल्टर म्युलर आणखी निराळा. पहिल्या वर्षी मी हे सर्व एकाच महापुरुषाचे कर्तृत्व समजत होतो, आणि तोंडी परीक्षेत तसे बोलूनही बसलो होतो.

नेकारकाठ

आपण एकटे नाही. खुद्द जर्मनांनाही हा घोटाळा निस्तरावा लागला आहे. 1920 मध्ये आणि पुन्हा 1928 ते 1930 या काळात चान्सेलर असलेले हेर्मान म्युलर संसदेत 'म्युलर-फ्रांकेन' म्हणून ओळखले जात, कारण तिथे म्युलर अनेक होते आणि हे फ्रांकेन प्रांतातून निवडून आलेले होते. आपल्या विधिमंडळात पाटील मंडळींना गावाच्या नावाने ओळखतात तसेच.

इतकेच नाही, आडनाव बदलण्याबाबतच्या इथल्या सरकारी नियमावलीत 'समूहनाव' असा एक प्रकारच मानलेला आहे. एरवी जर्मनीत आडनाव बदलणे महाकठीण, सबळ कारण द्यावे लागते. पण म्युलर, मायर, श्मिट यांसारखे आडनाव असणे हेच सबळ कारण धरले जाते. बहुतेक म्युलर मात्र बदलायच्या भानगडीत पडत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या आजींना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, 'स्पेलिंग सांगावे लागत नाही, याहून मोठे सुख कोणते?'

निगडीकर आजी

मी नेहमी वाचते, लिहिते क्वचित. माझ्या धाकट्या लेकीने दोन वर्षांपूर्वी न्युर्नबर्गकडच्या एका मुलाशी लग्न केले आणि जावयाचे आडनाव म्युलर आहे. आमच्याकडे घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची आहे, तशी त्यांचीही करून नातवाला द्यावी असे मनात आहे. जावई हसतो आणि म्हणतो की म्युलरची वंशावळ शोधणे म्हणजे पंढरपुरात वारीच्या दिवशी 'माउली' अशी हाक मारण्यासारखे आहे. (उपमा माझी आहे, त्याची वेगळी होती.) हे खरोखर अशक्य आहे का? आणि त्याच्या पासपोर्टवर वरच्या बाजूला एक स्पेलिंग आणि खाली यंत्राने वाचायच्या ओळीत दुसरेच आहे, त्यात काही चूक तर नाही ना?

नेकारकाठ

आजी, पासपोर्टात चूक नाही. त्यांच्या आडनावातल्या यू या अक्षरावर दोन ठिपके असतात, आणि यंत्राच्या ओळीत ठिपक्यांची सोय नसल्यामुळे तिथे यू आणि ई अशी दोन अक्षरे लिहितात. विमानाचे तिकीट काढताना त्या खालच्या ओळीप्रमाणे काढावे, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही. उच्चारासाठी एक युक्ती सांगतो: ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल ठेवावेत आणि आतून जिभेने 'ई' म्हणावे. जावई खूश होईल.

वंशावळ अशक्य नाही, पण आडनावामागे न धावता गावामागे धावावे लागते. 'म्युलर' एवढ्यावर शोध घेतला तर समुद्रात पडाल. 'अमुक गावचा, अमुक साली बाप्तिस्मा झालेला म्युलर' असा घेतला तर मार्ग सापडतो. 1876 च्या जानेवारीपासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली आणि स्पेलिंगही तेव्हापासूनच पक्के झाले. त्याच्या मागे जायचे तर चर्चची दप्तरे. घराणे प्रोटेस्टंट असेल तर 'आर्किऑन' या संकेतस्थळावर पैसे भरून, आणि कॅथलिक असेल तर 'मात्रिकुला' वर पुष्कळशी दप्तरे फुकट पाहता येतात. लिपी मात्र जुनी 'कुरेंट' आहे. आपल्या मोडीसारखीच, सवय होईपर्यंत डोके फिरवणारी. त्या दप्तरांत एकाच बापाची एक मुलगी म्युलर, दुसरी मिलर आणि मुलगा म्युल्नर असा लिहिलेला आढळला तर दचकू नये. पाद्र्याने कानाला जे ऐकू आले ते लिहिले.

जाते_ओवी

माझा समज असा होता की चक्कीवाला म्हणजे गावातला मातबर. आजींच्या व्याह्यांचे पूर्वजही मातबर असणार, नाही का?

जुनी पाने

मातबर पुष्कळदा असे, पण प्रतिष्ठित असेच असे नाही. त्या काळी चक्की बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे आणि आसपासच्या कुळांना त्याच चक्कीवर दळण नेण्याची सक्ती असे. प्रशिया या जर्मन राज्यात ही सक्ती 1810 साली उठली. चक्कीवाला मोबदला म्हणून धान्याचा किंवा पिठाचा ठरावीक हिस्सा मापून काढून घेई, आणि ते माप त्याच्याच हातात असल्यामुळे तो हात मारतो ही लोकांची कायमची तक्रार. दुसरीकडे जाण्याची सोय नाही आणि वजनाचा भरवसा नाही, म्हटल्यावर त्याच्याविषयी काय बोलले जात असेल याची कल्पना करावी. काही भागांत चक्कीवाल्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात घेत नसत. शेवटी 1548 च्या साम्राज्याच्या फर्मानात स्पष्ट लिहावे लागले की लिननचे (जवसाच्या धाग्याच्या कापडाचे) विणकर, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले, वाजंत्री यांच्या मुलांना केवळ बापाच्या धंद्यामुळे संघाबाहेर ठेवू नये. तोवर आडनावे बऱ्याच अंशी रूढ झाली होती. म्हणजे आज सर्वांत साधे वाटणारे हे आडनाव काही घराण्यांनी थोड्या खालमानेने वागवले असणार.

निगडीकर आजी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आपण सांगितल्याप्रमाणे गाव धरून शोधले. लेकीने आणि जावयाने 1876 पर्यंतचा भाग एका शनिवारात केला; त्याआधीचे दप्तर मी इकडे मोठ्या पडद्यावर भिंग घेऊन वाचते आहे. मोडी थोडी येत असल्याचा खरोखर उपयोग झाला, अक्षर न ओळखता शब्दाचा आकार ओळखायची सवय असते ना. 1790 च्या आसपासची एक विवाहाची नोंद सापडली. वराचे आडनाव म्युलरच आहे आणि धंद्याच्या जागी लिननचा विणकर असे लिहिले आहे. त्याच्या वडिलांच्या नावापुढे एक शब्द आहे तो मात्र लागत नाही. आरंभी 'इन' आहे, शेवटी 'नर' आहे, मध्ये काहीतरी डुलणारे अक्षर आहे. 'म्युल्नर' असेल अशी मला आशा होती, पण 'म' दिसत नाही. चित्र सोबत जोडले आहे.

नेकारकाठ

चित्र पाहिले, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनाही दाखवले. त्यांच्या वडिलांनी त्यांना कुरेंट शिकवली होती. तो शब्द 'इनवोनर' आहे. स्वतःचे घर नसलेला, दुसऱ्याच्या घरात भाड्याने किंवा आश्रयाने राहणारा, असा त्याचा अर्थ. चक्कीही नाही आणि घरही नाही, फक्त आडनाव. आजी म्हणाल्या की त्यांच्या दप्तरातही असाच एक आहे, आणि आपले गाव कोणते ते विचारून ठेव.

निगडीकर आजी

गाव निरोपात कळवते. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या पानावर आणखी दोन शब्द अडले आहेत हेही सांगा.